हैबतीनं चोरलेला दम

ऐका, फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की नदीवरचा बंधारा तेव्हा नुकताच बांधलेला होता आणि त्याच्या दगडांवर अजून शेवाळही धरलं नव्हतं. बंधाऱ्याच्या अलीकडे कातळवाडी, पलीकडे माणदरे. दोन्ही गावांना एकेक पाट काढलेला. पण उन्हाळ्यात नदीला पाणी एवढं थोडं, की दोन्ही पाट एकदम वाहायचे नाहीत. एकाचा मळा भिजत असला की दुसऱ्यानं काठावर बसून बघत राहायचं. पहिली पाळी ज्या गावाची, त्याचे कांदे-मिरच्या तरायच्या; दुसऱ्याच्या वाट्याला उरलासुरला गाळ.

या पाळीवरून डोकी फुटायची. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं यमाईच्या देवळात बसली आणि त्यांनी ठरवलं, की डोकी फोडण्यापेक्षा खेळून काय ते ठरवा. यात्रेच्या दिवशी दोन्ही गावांचा हुतूतूचा सामना व्हायचा. जिंकेल त्याचं पहिलं पाणी, आणि हरेल त्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही. देवीच्या पायांवर हात ठेवून सगळ्यांनी तसं कबूल केलं.

हुतूतू म्हणजे आजची कबड्डीच म्हणा. चढाईवर जाणाऱ्यानं एका दमात ‘हुतूतू हुतूतू’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता मधल्या पाटीवर, म्हणजे मधल्या रेघेवर, परत यायचं. त्यांनी धरलं आणि दम तुटला, तर तो बाद. खेळ काय, पोरासोरांनाही येतो. पण या दोन गावांत तो पोरखेळ राहिला नव्हता. कातळवाडीच्या तालमीत संध्याकाळी अर्धं गाव गोळा व्हायचं. घरटी एकेक पाटी तांबडी माती मैदानावर पडायची. बायका खेळणाऱ्यांसाठी ताकाचं मडकं पाठवायच्या, आणि यात्रेच्या आसपास कुणी लग्नाचा मुहूर्त काढला तर त्याला गावात कुणी सरळ बोलायचं नाही.

त्या तालमीत हैबती नावाचा गडी होता. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरली बहीण कोंडाबाई, तिनंच त्याला वाढवलं. असं म्हणतात, की कोंडाबाई भाकरी थापायला बसली की हैबती उंबऱ्यात बसून हुतूतू सुरू करायचा, आणि भाकरी थापून, भाजून, फुगून टोपल्यात पडली तरी त्याचा दम सुटलेला नसायचा. असं म्हणतात, की देवळापासून निघून तो एका दमात नदीवर जायचा आणि बैलाला पाणी पाजून त्याच दमात परत यायचा. बैल किती वेळ पाणी प्यायचा, ते मात्र कुणी सांगत नाही. तुम्हीही विचारू नका.

पण हैबतीचं नाव झालं ते नुसत्या दमामुळं नाही. एकदा चढाईत त्याचा दम तुटला, म्हणजे अगदी केसाएवढा तुटला. पंचांना कळलं नाही, समोरच्यांना कळलं नाही. हैबतीनं स्वतः हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. तेव्हापासून दोन्ही गावांत हैबतीच्या दमाची शपथ चालू लागली. दूध विकणारी बाई म्हणायची, ‘पाणी घातलं असंल तर हैबतीचा दम तुटू दे!’ की लगेच गिऱ्हाईक भांडं पुढं करायचं.

पुढं कोंडाबाईचं लग्न झालं ते पलीकडच्या माणदऱ्यात, गुणाजीशी. गुणाजी माणदऱ्याच्या संघातला पक्का धरणारा. त्याची मिठी पडली की बैलगाडीसुद्धा जागची हलायची नाही, असं म्हणतात. तेव्हा यात्रेच्या सामन्यात मेहुणा एकीकडे आणि दाजी दुसरीकडे, असा मामला झाला. कोंडाबाई कुणाच्या बाजूनं ओरडायची? ती दोघांच्या नावानं ओरडायची आणि दोन्हीकडच्या बायकांचे टोमणे खायची.

असं चालता चालता एक वर्ष फार वाईट आलं. पाऊस आदल्या साली रुसला होता. माघातच नदी बारीक झाली. यात्रा आली तेव्हा सगळ्यांना दिसत होतं, की यंदा पहिली पाळी झाली की नदी संपणार. दुसऱ्याला गाळही मिळायचा नाही.

सामना असा रंगला, की दोन्ही बाजूंचे गडी एकेक करून बाद झाले. शेवटी इकडं एकटा हैबती उरला आणि तिकडं एकटा गुणाजी. हलगी कडाडत होती. हैबती चढाईवर गेला, गुणाजीला शिवला आणि वळला, तोच मागून गुणाजीची मिठी त्याच्या बरगड्यांवर पडली. दोघं मातीत आडवे झाले. पाटी अजून हातभर अंतरावर होती. हैबती सरपटत होता, तोंडानं हुतूतू चालू होतं, छाती फुटायला आली होती. डोळ्यांपुढं काळोख आला. त्यानं तोंड मातीत खुपसलं, आणि हलगीच्या त्या कडकडाटात एक श्वास आत ओढून घेतला.

एकच श्वास, तोही चोरून. मग पुन्हा हुतूतू म्हणत त्यानं जोर केला. गुणाजीची मिठी क्षणभर सैल झाली आणि हैबतीचा हात पाटीला लागला. पंचांनी आरोळी दिली, “दम शाबूत!”

कातळवाडीनं त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल एवढा उधळला, की हैबतीच्या तोंडाचा रंग कुणाला दिसला नाही. तो गुलाल नसता, तर कुणीतरी विचारलं असतं, अरे, हा जिंकलाय की कुणाला पोचवून आलाय?

त्याला वाटलं होतं, हात वर करू. पाटीवर पडल्या पडल्या करू. मग वाटलं, खांद्यावरून उतरलो की करू. मग देवळात, मग घरी. हात काही वर झाला नाही, आणि संध्याकाळी कातळवाडीच्या पाटाला पाणी सुटलं. मळे चिंब झाले. ज्यांच्या मळ्यात पाणी शिरलं त्या बायका येऊन हैबतीच्या पायावर पाणी घालायच्या, आणि तो पाय मागं घ्यायचा. त्या म्हणायच्या, किती लाजाळू बाई हा! तो खरंच लाजत होता. अंगातलं रक्त तोंडावर येऊन थांबावं, तसा लाजत होता.

नदीपलीकडे माणदऱ्याच्या मिरच्या आधी माना टाकू लागल्या, मग वाळल्या. माणदऱ्याच्या बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरताना दिसू लागल्या. हैबतीनं बैल नदीवर न्यायचं सोडलं.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कोंडाबाई माहेरी आली. नेहमी ती येताना भावाला पाटीभर वांगी-मिरच्या आणायची. या खेपेला हात हलवत आली. हैबती तिच्याकडे बघेना. तीच म्हणाली, “आरं, असं तोंड का पाडतूस? सासूबाई बोलायल्या व्हत्या, की तुझ्या भावानं आमचं पानी नेलं. मी सरळ सांगितलं, नेलं आसंल, पर माझ्या भावानं खऱ्या दमानं नेलं. गप बसल्या.”

हैबतीच्या हातातला घास हातातच राहिला. बहीण परत गेली आणि तो उठून तडक तालमीत गेला. तालमीचे कारभारी आप्पा ओट्यावर बसले होते, भोवती सगळा संघ होता. हैबती उभ्या उभ्याच म्हणाला, “आप्पा, म्या दम चोरला. पाटीम्होरं. पानी आपलं न्हाई.”

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. “कुनी आइकलं का रं त्येचा दम तुटताना?” त्यांनी विचारलं. हलगीवाला हलगी पुसू लागला. संघातले गडी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. मग आप्पा म्हणाले, “कुनी आइकलं न्हाई. पंचानं शाबूत म्हनलं, म्हंजी शाबूत. लेकरा, गावाचं कांदं पोसायला लागलेत. आता त्वांड मीट.”

“पर मला ठावं हाय की, आप्पा.”

“मग तुझं तुझ्यापाशी ठेव.”

आता कातळवाडीची माणसं काही वाईट नव्हती. पण पाण्याची चव लागली होती, आणि हातातलं पाणी सोडायला फार मोठं मन लागतं. त्यांच्यातल्या निम्म्यांना खरं कळलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी माना वर केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती बंधाऱ्यावर गेला. माणदऱ्याच्या पाटाच्या दारातली फळी त्यानं उपसून काढली आणि नदीत सोडून दिली. कातळवाडीचं दार त्याला बंद करायचं होतं. पण तिथं फळी घातली असती तर आप्पांनी काढली असती. म्हणून तो स्वतःच त्या दारात जाऊन बसला. दार माणसाच्या खांद्याएवढं रुंद. तो त्यात गच्च बसला, आणि पाणी अडून दुसऱ्या पाटाकडे वळलं.

गाव धावत आलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडले. चौघांनी मिळून ओढला, तर तो रोवलेल्या खांबासारखा हलेना. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं, ओठांना लागलं. तेव्हा हैबतीनं सगळ्यांदेखत एक श्वास घेतला आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

आणि असं म्हणतात, की पाण्यातून हुतूतू ऐकू येऊ लागलं. बंधाऱ्याच्या दगडांना कान लावला तर दगडात घुमायचं. सूर्य डोक्यावर आला, तरी ते थांबलं नाही. कातळवाडीची माणसं काठावर बसून राहिली. आता कुणी ओरडत नव्हतं, एकमेकांकडं बघतही नव्हतं. आप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्यात तोंड घातलं. पाटातून पाणी मुकाट पुढं जात राहिलं, माणदऱ्याच्या पहिल्या मळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दिवस कलला तेव्हा ते अगदी टोकाच्या वाफ्यात शिरलं.

पाण्याचा माग काढत माणदऱ्याची माणसं बंधाऱ्यावर आली. पुढं गुणाजी होता. काय झालं ते त्याला काठावरच्यांची तोंडं बघूनच कळलं. तो पाण्यात उतरला, बुडी मारली, आणि त्यानं हैबतीला मागून मिठी घातली, सामन्यात घातली होती तशीच. त्याच्या हाताखाली बरगड्या होत्या. त्या हलत नव्हत्या, आणि हुतूतू चालू होतं. चौघांना न हललेला हैबती गुणाजीच्या हातून अलगद सुटून वर आला.

“दम शाबूत हाय, हैबती,” गुणाजी म्हणाला. “आता सोड.”

हैबतीनं दम सोडला. असं म्हणतात, की त्या वाऱ्यानं काठावरची बांबूची बेटं पार पलीकडे वाकली, आणि माणसांची पागोटी नदीत जाऊन पडली. मी बघायला नव्हतो.

हैबती काठावर पडून होता. त्याला पाणी फेडल्याचं समाधान नव्हतं. एकच गोष्ट त्याला खात होती. तो म्हणाला, “दाजी, त्या दिशी तुमचं हात माझ्या बरगड्यांवर व्हतं. तुमाला कळलं असंल.”

“कळलं,” गुणाजी म्हणाला. “बरगडी हालली तवाच कळलं. म्हनून तर मिठी सुटली माझी.”

“मग बोलला का न्हाईत?”

गुणाजीनं आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, “काय बोलू? हैबतीनं दम चोरला म्हनलं असतं, तर आमच्याच गावानं मला येड्यात काढलं असतं. तुझ्या बहिनीनंबी. आरं, मलाच खरं वाटंना. मला वाटलं, माझंच हात खोटं बोलायलेत.”

हे ऐकून हैबतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. दिवसभर पाण्याखाली राहून जे झालं नाही, ते या बोलण्यानं झालं. काठावर उभी असलेली सगळी कातळवाडी तेव्हा खाली बघत होती. शेवटी आप्पा उठले, आणि त्या हंगामातलं उरलेलं सगळं पाणी माणदऱ्याकडं जाईल, असं देवीचं नाव घेऊन बोलले. कातळवाडीचे कांदे त्या वर्षी पोसले नाहीत. त्याबद्दल कुणी हैबतीला बोललं नाही.

हैबती पुढं खूप जगला. तो पुन्हा चढाईवर गेला नाही. सामन्याला यायचा, पण माणदऱ्याच्या बाजूला बसायचा, आणि कुणी त्याच्या दमाची शपथ घेतली तर उठून जायचा. म्हणून ती शपथ दोन्ही गावांनी सोडून दिली.

आता मोठा कालवा आला आहे, पाण्याची पाळी सरकार ठरवतं, बंधारा नुसता म्हशी डुंबायला उरला आहे. पण यमाईच्या यात्रेला सामना होतो. चढाई सुरू झाली की हलगी थांबते आणि सगळी माणसं गप्प बसतात, लहान पोरसुद्धा रडत नाही, असं म्हणतात. चढाई करणारा परत आला की पंच काही बोलत नाहीत. तो पाटीवर उभा राहतो आणि समोरच्या संघाला विचारतो, “हैबतीबाच्या नावानं सांगा, दम शाबूत?” ते शाबूत म्हणाले, तरच गुण. बाहेरगावचे संघ येतात, त्यांना याचं हसू येतं. म्हणतात, असं कुठं असतं का, उद्या समोरच्यानं खोटं सांगितलं तर?

कातळवाडीची माणसं त्यांना खाली बसवतात आणि ही गोष्ट सांगतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आप्पांचं बोलणंही न गाळता, मान खाली घालून सांगतात. माणदऱ्यात मात्र ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगायचं नाही. कितीही खोदून विचारा, तिथली म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, “हैबतीबा व्हय? लई मोठा दम हुता त्येचा.” आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात.