भुऱ्या आणि रांजण

गाढवांना बोलता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. एका कुंभाराच्या अंगणात भुऱ्या नावाचं गाढव होतं. एके दिवशी त्याने नव्या, रिकाम्या रांजणात तोंड घातलं आणि सहज विचारलं, "काय रे, जेवलास का?"

"जेवलास का?" आतून आवाज आला.

भुऱ्याला भरून आलं. माझी एवढी चौकशी! आणि आवाज तरी किती गोड! त्या दिवसापासून तो रांजणापासून हलेना. स्वतः अर्धपोटी राहून कडबा त्याच्यापुढे ठेवू लागला. "मी देखणा आहे ना?" असं विचारायचा, "आहे ना!" असं ऐकायचा आणि ऐटीत शेपटी उडवायचा.

एकदा गुपित सांगायला त्याने डोकं जरा जास्तच आत खुपसलं, आणि ते अडकलं.

"अरे, सोड!"

"सोड!"

"मी कुठे धरलंय? तूच सोड!"

"तूच सोड!"

दोघांची चांगलीच जुंपली. भुऱ्याचा जीव घुसमटायला लागला, तशी शेजारची शेवंता शेळी धावत आली. तिने शिंगांनी अशी धडक दिली की रांजणाचे तुकडे झाले.

भुऱ्या खापरांपाशी बसून रडू लागला. "मनाने चांगला होता गं!"

"असेल बाबा. तू जेवलास का?"

भुऱ्या चमकला. "अगं, तूपण विचारतेस?"

"रोजच विचारते की," शेवंता म्हणाली, "पण माझा आवाज तुझ्यासारखा नाही ना!"