तळ्यावरची कुस्ती

माणसाला छत्री सुचायच्या फार आधीची गोष्ट. एका तळ्यात घोटभर पाणी उरलं होतं आणि त्यात बेडकीची पिल्लं वळवळत होती. त्यांना पाय फुटायच्या आत पाणी आटलं, तर पिल्लं गेलीच म्हणून समजा.

तळ्यावर उत्तरेचा गार वारा ठाण मांडून बसला होता. अंगाने जड, कोरडा ठणठणीत. तो बसला की ढग तिकडे फिरकत नसे. बेडकीने पाया पडून पाहिलं. पैलवान ढिम्म! पण बेडकीही हटणारी नव्हती.

एवढ्यात समुद्राकडून ऊबदार वारा आला. ओल पिऊन गुबगुबीत झालेला, पण वजनाने हलका.

बेडकी ओरडली, "पैलवान, हा पाहुणा म्हणतो, तुमच्याने त्याला उचलवणार नाही!"

"मी कधी म्हणालो?" पाहुणा दचकला.

"घाबरलास होय रे, गुबगुब्या?" गार वाऱ्याने दंड थोपटले.

झालं! दोघे भिडले. गार वाऱ्याने खालून घुसून पाहुण्याला उंच उचललं. वर थंडी लागताच पाहुण्याच्या अंगातली ओल टपटप गळू लागली.

"जिंकलो!" गार वारा गरजला.

"छे! पाठ कुठे टेकली?" बेडकी आता पंच झाली होती. "कुस्ती चालू!"

त्याने आणखी वर उचललं. पाणी धो धो कोसळलं.

"आता?"

"पाठ नाही टेकली, पैलवान. चालू द्या!"

तळं काठोकाठ भरलं, तेव्हा कुठे बेडकीने कुस्ती बरोबरीत सोडवली.

गार वारा अजून कुरकुरतो, पंचाने फसवलं म्हणून. पिल्लं मात्र म्हणतात, "आमची आई फार नियमाची!"