पोतेरं आणि जुना ब्रश

सारवण सुटून घराघरांत फरशी आली, तेव्हाची गोष्ट. एका स्वयंपाकघरात फरश्यांमधले पांढऱ्या सिमेंटचे सांधे काळे पडले. म्हातारं पोतेरं खेकसलं, “कार्टी जन्मजात घाणेरडी! उद्या गवंडी उकरून फेकेल, तेव्हा कळेल.”

सांधे रडकुंडीला आले.

दात घासायच्या कामावरून काढलेला जुना ब्रश म्हणाला, “आजोबा, तुमचंच मळकं पाणी रोज यांच्यात मुरतं.” आणि खायचा सोडा घेऊन भिडला. केस वाकले, काही गळालेही, पण पठ्ठ्या एका सांध्यालाही सोडून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सांधे उकरायला आलेला गवंडी ते लख्ख बघून परत फिरला. लगेच पोतेरं मिरवत आलं, “बघा, आमचे संस्कार!”

सांधे म्हणाले, “आजोबा, थांबा तिथंच. आधी स्वतः धुऊन या.”