पाण्यातला पंच

फार जुन्या काळी एका अस्वलाने मधमाश्यांशी करार केला. अस्वलाने पोळं राखायचं, बदल्यात अर्धा मध घ्यायचा. वाद झालाच तर निवाडा नदीतल्या कासवाने करायचा.

पहिल्याच वसंतात अस्वलाने सगळं पोळं फस्त केलं. माश्या कासवाकडे गेल्या, तसं अस्वल धावत सिंहाकडे गेलं.

“महाराज, कासव पडलं पाण्यातलं! झाडावरच्या भांडणात त्याला काय अधिकार?”

“त्याला पंच नेमलं कोणी?”

“आम्हीच.”

“तेव्हा ते कुठे राहत होतं?”

अस्वल नाक खाजवत पुटपुटलं, “पाण्यातच.”

“मग तुझी तक्रार त्यालाच सांग, जा.”

अस्वल मान खाली घालून नदीवर आलं. आता आपली धडगत नाही, असं त्याला वाटलं.

कासव दगडावर जरा सरकलं. “ये, बस. निकाल अजून दिलेला नाही. तुझं ऐकायचं राहिलंय.”