मुबारकच्या बरोबरीचे

“…मग त्यांनाच का, स्वामी?”

विश्वंभराने हा प्रश्न बोधाश्रमस्वामींना त्या पंधरवड्यात तिसऱ्यांदा विचारला.

त्याचे वडील त्र्यंबकशास्त्री अडुसष्टाव्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. घराण्यात सत्तरी कोणी पाहिली नव्हती. आणि खाडीपलीकडच्या वाडीतला मुबारक सिद्दी, नव्वदी उलटलेला, रोज सकाळी आपली होडी स्वतः पाण्यात ढकलत होता.

ती काळीभोर, ताठ पाठ दिसली की विश्वंभराच्या पोटात आग पडे. दूधतूप, स्वच्छ विहीर, त्रिकाळ संध्या, सारे आपल्या घरी. आणि आयुष्य मात्र त्यांच्या घरी, ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून समुद्रापलीकडून आणले होते.

“त्या लोकांच्या रक्तातच काही रसायन असले पाहिजे,” तो म्हणाला. “ते आम्हांला का नाही?”

“जिज्ञासा, की मत्सर?”

“…मत्सर.”

“निदान शब्द नेमका योजलास,” स्वामी म्हणाले, आणि उठून धक्क्याकडे चालू लागले.

खाडीपलीकडे मुबारक अंगणात जाळे सांधत बसला होता. त्याने स्वामींना चटई घातली. विश्वंभराने वही उघडून आहार, निद्रा, व्यायाम, सारे उताविळीने विचारले. म्हाताऱ्याने हसत सांगितले, नाचणी आणि सुकट, मिळाली तर. नाही तर पाणी. हा लपवतो आहे, असे विश्वंभराला वाटले.

“खरे औषध सांगा, चाचा. वडिलांसाठी हवे आहे.”

मुबारकचे हसू मावळले.

“बापासाठी होय… मग लिवा, शास्त्रीबुवा. आमची सुंता एकाच दिवशी झाली. वीस पोरं होतो.”

तो एकेक नाव सांगू लागला. इब्राहिम आणि दाऊद पटकीच्या साथीत, एकाच आठवड्यात. कासम बंदरावर ओझी वाहताना रक्त ओकून. याकूबला नुसता ताप होता. वैद्य खाडी ओलांडून आला नाही. येथे विश्वंभराची लेखणी अडखळली. त्या काळी पलीकडे, त्याच्या गावी, वैद्य एकच होता, त्याचा स्वतःचा आजा.

पन्नाशीच्या आत सतरा गेले. उरलेल्या तिघांना मात्र मरण जणू विसरले. दोघे नव्वदी गाठून परवापरवा गेले. तिसरा समोर बसला होता.

“आणि तुमच्या मुलाच्या बरोबरीचे?”

“चौदा होते. पाच हायेत. पोरगा साठी वलांडला, तर तोबी म्हातारपणी होडी ढकलील… वलांडला तर.”

विश्वंभराने तेही आकडे लिहून घेतले. त्याच्या वडिलांबरोबर एका मांडवात मुंज झालेले नऊच्या नऊ जण रोज तिसऱ्या प्रहरी येऊन त्यांच्या उशाशी बसत, जुन्या चेष्टा उकरून काढीत, त्यांना हसवीत.

तरीही आग विझेना. ताठ पाठ डोळ्यांसमोर होती. नावे केवळ कागदावर होती.

“काही असो,” तो हट्टाने म्हणाला, “माझ्या वडिलांचा जन्म याच वाडीत झाला असता, तर आज तेही होडी ढकलीत असते.”

स्वामींनी वही त्याच्या मांडीवरून उचलली आणि उघडीच त्याच्यापुढे धरली.

“झाला, असे धर. आता बोट ठेव… या वीस नावांतले कितवे?”