दहा घोटांमागे तीन गोळे

त्या राज्यात एकच तळं होतं आणि तळ्याला एकच मातीचा बांध. जो पाणी पिईल त्याने दहा घोटांमागे चिकणमातीचे तीन गोळे बांधावर टाकायचे, असा रिवाज होता. हत्ती सर्वांत जास्त पीत, त्यामुळे बांध मुख्यतः त्यांच्याच मातीवर उभा होता. दुपारी ते फेरफटक्याला म्हणून जात. कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं.

बांधाच्या पायथ्याशी काटेबाई नावाच्या साळिंदराचं बीळ होतं. आत तिची दोन पिल्लं. बांध फुटला तर पाणी आधी त्यांच्यावरच येणार होतं.

एकदा हत्तींचा म्होरक्या एकसुळ्या मोठा उसासा टाकून म्हणाला, "डोंगरापलीकडच्या तळ्यावर दहाला एकच गोळा घेतात. इथून जायचं अगदी जिवावर येतंय हो, पण पाठ भरून आली."

सभेत खडाजंगी झाली. हरणांनी हत्तींची बाजू उचलून धरली, कारण हत्ती फांद्या मोडत तेव्हाच त्यांना वरचा पाला मिळे. काटेबाईने बिळात ओल आल्याचं सांगितलं. कायदे करणारी वानरं झाडावर राहत. ओल म्हणजे काय, ते त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. हत्तींचे कष्ट वाचले की ते दुप्पट फांद्या मोडतील, असा हिशेब मांडून त्यांनी हत्तींपुरता तिनाचा एक गोळा केला.

हत्तींनी फांद्या दुप्पट मोडल्या, हे खरंच. दुप्पट खाल्ल्याही. हरणांना काटक्या उरल्या. बांध खचू लागला तेव्हा वानरांनी, अत्यंत जड अंतःकरणाने, बारक्या प्राण्यांचे गोळे तिनाचे पाच केले. काटेबाई जळफळली, पण पिल्लांचं अंथरूण भिजत होतं. ती मुकाट कामाला लागली.

बांधाजवळची माती संपली, म्हणून एका दुपारी ती डोंगरापलीकडे गेली. गोळा तोंडात धरून माथ्यावर परतली, तोच मागे, पलीकडच्या तळ्याकाठी, सभा भरलेली दिसली. तिथली वानरं फांद्यांवर बसली होती आणि त्यांच्यापुढे एकसुळ्या उभा होता. त्याने मोठा उसासा टाकला.

"डोंगरापलीकडे दहाला एकच गोळा घेतात. इथून जायचं अगदी जिवावर येतंय हो..."

काटेबाईचे काटे ताठ उभे राहिले. तेवढ्यात समोरून, तिच्याच तळ्याकडून, पलीकडच्या बांधाखाली राहणारी दुसरी एक साळिंदर-बाई घरी परतताना चढून आली. तिनेही ते ऐकलं होतं. तिचेही काटे उभे होते. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दोघींच्याही तोंडात गोळा होता. बोलायचं तर तो खाली टाकावा लागला असता, आणि बांध दोन्हीकडचे गळत होते.