दयाळाचा आरसा

एकदा एका खाडीकाठच्या लहानशा शहरात एक वृद्ध ग्रंथपाल होते. त्यांच्या ग्रंथालयाचा एक जुना परिपाठ होता. सृष्टीविषयी किंवा विज्ञानाविषयी कोणाला काही कुतूहल वाटले, तर त्याने ते कार्डावर लिहून पाठवावे. ग्रंथालय शोध घेऊन उत्तर कळवीत असे. विंचवाची पिले आईच्या पाठीवर का बसतात, फणस खोडालाच का लागतो, भरतीची वेळ रोज पुढे का सरकते, असे दहा-बारा प्रश्न तरी आठवड्याला येत.

वयोमानाने ग्रंथपालांची दृष्टी मंदावली, तेव्हा त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्या आली. ती दूर घाटावरची होती आणि या शहरात तिच्या ओळखीचे कोणी नव्हते. दिवसभर ती ग्रंथांत बुडालेली असे. संध्याकाळी भाड्याच्या खोलीचे कुलूप उघडून ती आत जाई, त्यानंतर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येईपर्यंत तिच्या तोंडून एकही शब्द निघत नसे. आपल्याला याचे काही वाटत नाही, असे ती मनाशी म्हणे. कामात मात्र ती तरबेज होती. कोणत्या कपाटात काय आहे, हे तिला चार महिन्यांत तोंडपाठ झाले होते.

चैत्रात एके दिवशी खाडीपलीकडच्या वाडीतून एक कार्ड आले. लिहिणारीचे नाव द्वारकाबाई. अक्षर थरथरते, पण ओळी सरळ. तिने लिहिले होते, ‘माझ्या ओसरीवर भिंतीला आरसा आहे. महिना झाला, रोज सकाळी एक काळापांढरा पक्षी येतो आणि आरशावर चोची मारतो. शेपटी उभारतो, शीळ घालतो. यजमान गेल्यापासून ओसरीवर दुसरे कोणी येत नाही. त्याला काय हवे असेल, ते कळवावे.’

ग्रंथपाल त्या आठवड्यात तापाने अंथरुणावर होते. शिष्येने तीन ग्रंथ पडताळले आणि त्याच दिवशी उत्तर टपालात टाकले. तो दयाळ पक्ष्याचा नर आहे. विणीच्या काळात आपल्या हद्दीत तो दुसऱ्या नराला येऊ देत नाही. आरशातल्या प्रतिबिंबालाच तो शत्रू समजतो. आरसा फडक्याने झाकावा, म्हणजे त्याचे येणे थांबेल.

दहा दिवसांनी वाडीतून दुसरे कार्ड आले. ग्रंथपाल आता हिंडूफिरू लागले होते. शिष्येने ते त्यांना समाधानाने वाचून दाखवले. ‘आरसा झाकला. पक्षी येईनासा झाला. आपले उपकार आहेत.’

ग्रंथपालांनी पहिले कार्ड मागितले. तेही वाचून घेतले, मग दोन्ही पुन्हा एकदा वाचायला लावली. नंतर ते उठले, खिडक्या लावल्या आणि भर सकाळी अकरा वाजता ग्रंथालयाच्या दाराला कुलूप घातले. एकतीस वर्षांत कामाच्या दिवशी ते दार कधी बंद झाले नव्हते. शिष्या गोंधळून गेली. आपल्या उत्तरात काही चूक राहिली का, असे तिने विचारले. ते म्हणाले, चूक नाही, चल.

तरीने खाडी ओलांडून दोघे वाडीत पोचले. द्वारकाबाई ओसरीवर एकट्याच सुपारी कातरत बसल्या होत्या. भिंतीवरचा आरसा जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झाकलेला होता. ग्रंथालयातून माणसे आली आहेत हे कळल्यावर त्या गडबडल्या, पाणी आणले, गूळ आणला. शिष्येला वाटले, आता गुरुजी काही समजावून सांगतील. त्यांनी तसे काही केले नाही. कोरी वही तिच्या हाती देऊन ते बाईंना म्हणाले, “बाई, दयाळ आरशाशी भांडतो एवढेच आमच्या पुस्तकांत आहे. तुमच्या ओसरीवरचा दयाळ कसा होता, हे त्यांत कुठेच नाही. तेवढे सांगाल का?”

द्वारकाबाई आधी अडखळल्या. मग बोलू लागल्या आणि दुपार कलेपर्यंत बोलत राहिल्या. तो नेमका सूर्य समोरच्या माडाच्या झावळ्यांत आला की यायचा. आधी कुंपणावर बसून चाहूल घ्यायचा. एका पायाची नखी मोडलेली होती. मध्येच त्यांच्या यजमानांचा विषय निघाला, ते दाढी करायचे तो हाच आरसा. शिष्या लिहीत होती. यजमानांबद्दलचे लिहावे की नाही, तिला कळेना. तिने तेही लिहिले.

शेवटी बाई म्हणाल्या, “तुम्ही खरे कळवलेत ते बरे झाले. मी त्याला पाहुणा समजत होते आणि तो बिचारा भांडून भांडून दमत होता. ठाऊक असूनही मी आरसा उघडा ठेवला असता, तर पाप लागले असते. फक्त आता सकाळी दार उघडले की काय करावे, ते सुचत नाही.”

परतताना तरीत दुसरे कोणी नव्हते. शिष्येचा चेहरा उतरला होता. तिने हळूच विचारले, की मग खरे कळवायलाच नको होते का?

ग्रंथपाल म्हणाले, “खरेच कळवायचे. त्यात तडजोड नाही. पण त्या कार्डावर दोन गोष्टी होत्या. पक्ष्याला काय हवे, हे विचारले होते. ओसरीवर कोणी येत नाही, हे नुसते सांगितले होते. तू विचारलेल्याचे उत्तर दिलेस, सांगितलेल्याची पोच दिली नाहीस. उत्तर ग्रंथात सापडते, मुली. पोच आपल्यालाच द्यावी लागते.”

ती पाण्याकडे पाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात टपाल आले. त्यात एक कार्ड ग्रंथालयाच्या नावे नव्हते, तिच्या नावे होते. या शहरात तिला आलेले ते पहिलेच पत्र. दयाळ आता कुंपणाच्या टोकाला बसून गातो, ओसरीवर येत नाही, पण ऐकू येतो, असे द्वारकाबाईंनी लिहिले होते. खाली आणखी दोन ओळी होत्या. ‘त्या दिवशी निघताना तू वळून वळून माझ्या चुलीकडे पाहत होतीस. पोरी, तुझे इथे कोणी नाही का?’

शिष्येने ते कार्ड किती वेळ हातात धरले होते, ते तिचे तिलाच कळले नाही. पलीकडच्या टेबलाशी ग्रंथपाल भिंग लावून काही वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग तिने कोरे कार्ड पुढे ओढले. कोणतेही कपाट न उघडता लिहिले, ‘नाही. रविवारी येऊ का?’

आपल्याला कोणी काही विचारते, तेव्हा त्याने न विचारलेलेही एकदा वाचून पाहावे.